लाल कडं

खडकीच्या कारखान्यात माझा बाप, यमाजी खरात,
तोफगोळ्यांना रंग लावायचा. सन त्रेचाळीस.
गोळ्याचं अंग पिवळं, हळद लागल्यागत.
पोटावर हिरवा पट्टा, आत काय ठासलंय त्याची खूण.
आणि टोकाशी बोटभर लाल कडं,
म्हणजे भरलेला.
रिकाम्याला लाल लागलं तर साहेब पगार कापी.

इंग्रजी अक्षर एक येत नव्हतं त्याला.
रंग वाचायचा.
गोळे कुठं जातात, कुणावर पडतात,
विचारलं तर म्हणे, वॅगन जाते.
दापोडीच्या पुलापर्यंत दिसते.

घरी ज्वारीच्या डब्यालाही त्यानं तेच केलं.
पगाराच्या संध्याकाळी लाल कडं;
वीस तारखेला तळ लागला
की घासलेटच्या चिंधीनं पुसून टाकायचा.
आम्ही पोरं कडं बघून भूक बेताची ठेवायचो.

तो गेला तेव्हा महिना संपत आलेला.
पुसायचं राहून गेलं.

शेजारची राजम्मा आली, डब्याकडं बघितलं,
म्हणाली, बरंय बाई, दाणे तरी आहेत घरात.
आई हो म्हणाली.
मग दोन्ही हातांनी, जड असल्यासारखा,
डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.