एकतीस जुलै

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं,
कळा आत्ताच सुरू करायच्या, की थांबू या सकाळपर्यंत?
धुक्यामुळे जहाज अडकलं होतं सरोवरात,
म्हणून रेला त्या रात्री गोदीवर काम नव्हतं.
उद्या असणार होतं.
मी म्हटलं, आत्ताच.
अकरा चाळीसला साइमा झाली,
लाल, रागावलेली, मुठी वळून.

वीस मिनिटं.
बटाटे उकडायला लागतात तेवढी.
अकरा वर्षं ती कुणी मोजली नव्हती.

मग मार्चमध्ये, डुलुथला अजून गुडघाभर बर्फ,
क्लबचं पत्र आलं:
वयाची रेघ यंदा जानेवारीतून उचलून
एक ऑगस्टवर ठेवली आहे,
मुलांना आपल्या वर्गातल्या मुलांबरोबर खेळता यावं म्हणून.

साइमा आणि ओडेसा बेलांजर एकाच वर्गात,
एकाच बाकावर.
ओडेसा सहा ऑगस्टची.
साइमा सहा दिवसांची ताई,
आणि ती ताईगिरी तिनं एक दिवस सोडलेली नाही.
आता ती सगळ्यात धाकटी, वरच्या संघात.
ओडेसा सगळ्यात थोरली, खालच्या.
रेघ ओढणाऱ्याचं तरी काय चुकलं?
कुठंतरी ओढावीच लागते.
असं मी भांडी घासताना स्वतःला तीनदा म्हटलं.
तिसऱ्यांदा बशी फुटली.

ही रेघ एइनोच्या ओळखीची.
तो नऊ वर्षांचा असताना
हीच ऑगस्टातून जानेवारीत नेली होती,
आणि नोव्हेंबरचा माझा मुलगा
एका रात्रीत थोराडांमध्ये जाऊन पडला.
अख्खा हंगाम बाकावर बसून
त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या, बांधल्या, सोडल्या.
पुढच्या वर्षी बूट मागितलेच नाहीत.
आम्हाला वाटलं, चला, पैसे वाचले.
आता तो टायरच्या दुकानात कामाला आहे.
पत्र वाचून त्यानं परत फ्रिजवर लावलं,
चुंबक सरळ केलं,
म्हणाला, "म्हणजे परत जागेवर आणली."
आणि फावडं घेऊन बाहेर गेला.
दारातला बर्फ सकाळीच काढून झाला होता.

मंगळवारी वेड बेलांजरचा ट्रक, गुरुवारी माझी गाडी.
चार वर्षांचा हा करार कुठं लिहिलेला नव्हता,
मागच्या सीटखाली संत्र्याच्या साली
आणि एक निळा मोजा, कुणाचा ते न ठरलेला,
एवढाच काय तो पुरावा.
आता सोमवार-बुधवार त्यांचे,
मंगळवार-गुरुवार आमचे,
शनिवारचे सामने बहुतेक वेगळ्या गावांत.
वेड दारात उभा राहिला, टोपी हातात,
सोयरीक मोडायला आल्यासारखा.
"पेट्रोल तरी अर्धं अर्धं करू या," म्हणाला,
आणि दोघंही हसलो,
कारण कशाचं अर्धं?

रात्री साइमानं विचारलं,
"तुला थोडं थांबता नसतं का आलं?"
मी तिला धुकं सांगितलं, जहाज सांगितलं,
बाबा नेमका त्या रात्री मोकळा होता, ते सांगितलं.
ती म्हणाली, "वीसच मिनिटं, आई."
वजाबाकीत शेजारच्या घरातून एक उसना घेतात,
तसा एक दिवस उसना मिळाला असता
तर मी गेले असते बेलांजरांकडे
वाटी घेऊन.

सप्टेंबरात एक शनिवार असा निघाला,
दोन्ही सामने घरच्या मैदानांवर, शेजारी शेजारी,
मध्ये चुन्याचे दोन पट्टे आणि पालकांच्या खुर्च्या.
मी खुर्ची कुणाकडे तोंड करून ठेवावी, हे ठरेना.
साइमा गोलात. तिच्यापुढे एक उंच, नवखी मुलगी,
जिला प्रत्येक वेळी सांगावं लागतं,
डावीकडे हो, मागे ये, बघ, बघ.
ओडेसाला नुसतं नाव पुरायचं.

सरोवराकडून वारा.
चेंडू आला, खालून, वेगानं,
आणि साइमा ओरडली,
जुन्या सवयीनं, छाती फोडून,
"डेस!"

पलीकडच्या मैदानावर
एक मुलगी आपला चेंडू सोडून
डावीकडे सरकली.