आठवं अक्षर

पिरेअसच्या वेशीबाहेर, रस्त्याच्या डाव्या अंगाला
माझं दुकान. थडग्यांचे दगड घडवतो.
अक्षराला एक ओबोल,
लाल रंग भरायचा तर अर्धा वर.
मेलेल्याबद्दल सगळे चांगलंच कोरून घेतात,
पण अक्षरागणिक दाम पडला
की स्तुती आपोआप आखूड होते.

लिसिला आली ती मुठीत सात नाणी घेऊन.
नवरा फानिआस, धान्यबाजारातला तोलणारा.
मी पाहिलं होतं त्याला :
पारड्याला चुकूनही बोट लागू नये म्हणून
काटा थांबेपर्यंत
हात पाठीमागे बांधून उभा राहायचा,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.
व्यापारी हसायचे. त्याच्याकडेच यायचे.

नाव तिच्या भावाने आधीच कोरून घेतलं होतं.
ती म्हणाली, "खाली एकच शब्द. सुदैवी."
मी बोटांवर मोजलं. आमच्या लिपीत
सज्जन सात अक्षरांत बसतो,
सुदैवी व्हायला आठ लागतात.
"सज्जन लिहू का?"
"ते अख्खा बाजार जाणतो. त्याला दगड कशाला?"

सुदैवी!
धाकटा मुलगा बुडाला त्याचा, प्रेतही मिळालं नाही.
शेवटची चार वर्षं डोळ्यांत सारा पडलेला,
नाणी जिभेला लावून ओळखायचा.
थोरला, क्तेसॉन, गव्हाच्या जहाजावर गेला
तो दोन उन्हाळे झाले, निरोप नाही.

समोरच्या ओसरीत सावली धरून
दोन तरुण बसलेले असतात, कुणा गुरूचे चेले.
त्यांनी ऐकलंच.
एक म्हणाला, "सद्गुण पुरतो. बाकी सगळं वारा.
सद्गुणी माणूस चाबकाखालीही सुखी."
दुसरा म्हणाला, "छे! थोडे पैसे, चार मित्र,
धड लेकरं, यांच्यावाचून कसलं सुख?"
खूप वेळ चाललं. मग त्यांना भूक लागली.

माझा मदतनीस थ्रेसचा, विकत घेतलेला.
तो दगड घासत होता. घासता घासता
"चाबकाखालीही" या शब्दापाशी हात थांबला त्याचा.
पाठीवरचे वळ माझ्या आधीच्या मालकाचे आहेत,
मी नाही मारत. पण विचारलंही नव्हतं कधी
तुझं सुख किती अक्षरांचं म्हणून.
त्या दिवशीही नाही विचारलं.

लिसिलाला म्हटलं, "आठवं माझ्याकडून घे."
तिने मान हलवली.
"त्याने उभ्या जन्मात मूठभर सातू फुकट घेतले नाहीत.
मी त्याच्या थडग्यावर घेऊ?"
"मग?"
"सातच कोर. शब्द तोच.
शेवटच्या अक्षराची जागा सोड.
क्तेसॉन आला की तो आणील नाणं."

"आणि नाही आला तर?"

ती दगडावरून हात फिरवत होती,
हिमेत्तोसचा करडा दगड, स्वस्तातला.
"रोज रात्री विचारायचे मी त्याला, सुखी आहेस ना?
म्हणायचा, थांब, अजून काटा हलतोय."

सात कोरली. इतकी नीट
मी धनाढ्यांसाठीही कोरली नाहीत,
का ते सांगता येणार नाही.
छिन्नी म्हणजे काय? जिला धार असते ती.
हात म्हणजे काय? जो रोज तेच करून तसा झाला तो.
एवढंच कळतं मला, आणि तेही दुपारपर्यंतच.

आता येणारे जाणारे वाचतात आणि म्हणतात,
या पाथरवटाला धड लिहिता येत नाही.
माझी दोन गिऱ्हाइकं तुटली त्यापायी.
परवा संध्याकाळी छिन्नी घेऊन गेलोही होतो,
रस्त्यावर कोणी नव्हतं,
एका अक्षराचं काम, सात-आठ ठोके.

त्या मोकळ्या जागेवर
एक सरडा ऊन खात बसला होता.
दगड अजून कोमट होता.
मी उभा राहिलो
हात पाठीमागे बांधून.