स्निग्ध पदार्थांची परीक्षा

अलास्कात, कोट्झब्यूला, भाजी विमानाने येते.
सफरचंदं येतात तीही कोपरं खरचटलेली,
लेट्यूसचा गड्डा नऊ डॉलर,
आणि आमची पत्रकं त्याच विमानाने,
शंभरशंभरच्या गठ्ठ्यांत, गुळगुळीत.

पत्रकावर एक ताट काढलंय.
चार खणांचं. एकाही खणात समुद्र नाही.

तेच घेऊन मी गेले मर्टल अटोरुकबाईंकडे,
जूनमधल्या रात्री साडेनऊला,
डोळ्यांवर हात धरावा असं ऊन.
सीलचा हंगाम; दिवसा त्या दवाखान्याला सापडत नाहीत.

किनाऱ्याच्या खडीवर पुठ्ठा अंथरून बसल्या होत्या,
हातात उलू
(विळीचं पातं पाटापासून सुटून मुठीत आलं तर दिसेल तसं)
आणि कातड्यावरून चरबी अशी सोडवत होत्या
जसं झोपलेल्या पोराखालून दुपटं काढावं.

मी म्हटलं, तुमचं कोलेस्टेरॉल दोनशे एकेचाळीस.
त्या म्हणाल्या, बस.
मी म्हटलं, दिवसाला तीन चमच्यांच्या वर स्निग्ध नको.
त्यांनी बादलीकडे पाहिलं:
पांढरी, वीस लिटरची, पट्ट्यांनी अर्धी भरलेली.
"चमचा कुणाचा?"

मी मिरजेची.
खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, असं म्हणणारे
आमच्या गल्लीत बहुतेक उपाशीच असायचे.
बाबांना डॉक्टरांनी एकोणनव्वद साली कागद दिला.
त्या संध्याकाळपासून लोणी कढवणं बंद,
बेरीत साखर घालून भांडणं बंद,
पिवळ्या डब्यातलं रिफाइंड सुरू.
अकरा वर्षं पाळलं त्यांनी, पहाऱ्यावरच्या शिपायासारखं.
पुढे तोच सल्ला सुधारून आला.
अंडं माफ झालं. खोबरेल आतबाहेर करत राहिलं.
बाबांना कळवायचं राहिलं; कळवायला ते नव्हते.
तेलही गेलं, तूपही गेलं,
हाती धुपाटणंसुद्धा नाही, एक फाइल.

पण खोटं कशाला बोलू,
नानाकाका तुपात बोटं बुडवून जगला
आणि त्रेपन्नाव्या वर्षी जिन्यात बसला तो उठला नाही.
आपली मेलेली माणसं पुरावा म्हणून
मला कुठल्याच बाजूने उभी करायची नाहीत.
मला एवढंच विचारायचंय:
ज्या ताटावरून हे मोजलं ते कुणाचं?
तिथे एक तरी अटोरुक जेवायला बसली होती का?

मर्टलबाई सुरी न थांबवता म्हणाल्या,
"आधी आई होती, तिची आई होती.
मग दुकान आलं. सोडा, पाव, डब्यातलं मांस.
मग तुमचा दवाखाना."
कशामुळे काय झालं, ते बोलल्या नाहीत.

तेवढ्यात वारा.
पत्रक माझ्या हातून सुटलं
आणि त्यांच्या मांडीवरच्या पट्टीला चिकटलं.
सोडवून घेतलं तर चौथा खण आरपार.

आठवीत मोघेबाईंनी दाखवलं होतं:
शेंगदाणा कागदावर घासा, उजेडापुढे धरा,
डाग वाळला नाही तर पदार्थ स्निग्ध.
रात्री दहाच्या उन्हात मी कागद धरला.
खणातून मागची बारीक अक्षरं उलटी दिसली:
सुधारित आवृत्ती, सातवी.
त्यामागे मर्टलबाईंचा अंगठा,
त्यामागे बर्फ सोडत चाललेलं पाणी.

"तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"
दोन शब्द आहेत, मी म्हटलं.
चरबी. ती माणसाला चढते.
आणि स्नेह. तो जुळतो.
त्या हसल्या, पुढचे दोन दात नसलेलं हसू,
आणि मागच्या वर्षीची एक बरणी
माझ्या पिशवीत विचारल्याशिवाय ठेवली.

मी शाकाहारी आहे हे सांगितलं नाही.

बरणी फ्रिजमध्ये आहे, ब्राऊन राइसशेजारी.
पत्रक खिडकीला टेकवलंय.
आज तिसरा दिवस.
वाळत नाहीये.