पाच हजार पाकिटं

चटणीच्या आधी पाकिटं आली.
पाच हजार. नागपूरहून, एसटीच्या टपावर.
हजारापेक्षा पाच हजार स्वस्त पडतात,
म्हणाला छापखान्यातला माणूस,
आणि होमराज अन् मी, दोघंही गणितात पास.

जवसाचं फूल नव्हतं त्याच्याकडं.
त्यानं सूर्यफूल टाकलं.
आम्ही म्हटलं, चालते.
हा ‘चालते’ आमचा तिसरा भागीदार,
दमडी न लावता अर्धा वाटा त्यानंच खाल्ला.

फीत कापायला सरपंच. पेढे नगदी,
चटणी उधार.
सगळं गाव चव घेऊन गेलं.
भाऊजी म्हणाले झकास, मास्तर म्हणाले शहरात उडेल,
कोणी बोट चाटलं, कोणी वाटी.
खिशात हात कोणाचाच गेला नाही,
आम्ही त्यांच्या तोंडाकडंच पाहत राहिलो.

भाजायचं मशीन थ्री फेजचं.
थ्री फेज रात्री एकला.
होमराज पेंगायचा, जवस करपायचा,
सूर्यफुलाच्या आत
तेही चालते.

सेवंताबाई अड्याळच्या बाजारात
वीस वर्षांपासून हीच चटणी विकते,
मोकळी, पळसाच्या पानावर.
तिला विचारायला गेलो तेव्हा
साडेचार हजार पाकिटं उरली होती.
काहून जी, म्हणाली,
आधी एक पायली करून पाहाची होती न.
अन् गिऱ्हाइकाकडं वळली:
मागच्या बाजारी तुम्ही खारट म्हणले,
या खेपी मीठ कमी हाय, पाहा.
आम्ही दोघं उभेच.

पाकिटावरच्या मोबाइलचा शेवटचा आकडा चुकला होता.
हे आठ महिन्यांनी कळलं,
तुमसरचा एक सलूनवाला
सोमवारी, दुकान बंद ठेवून
पत्ता विचारत विचारत दारात आला तेव्हा.
त्याच्या हातात शाळेची वही,
तिच्यात नावं, गावं, कोणाला किती पाकिटं,
एकेचाळीस जण.
दाढी अर्धी टाकून फोन घेतले, म्हणाला,
कंटाळलो. म्हटलं, चटणी आहे तरी कशी, पाहू.

मशीन आदल्या शुक्रवारीच साकोलीला गेलं होतं.

होमराजनं फळीवरून पाकीट काढलं, फुंकर मारली.
त्यानं ओसरीवरच फोडलं,
चिमूट जिभेवर ठेवली, डोळे बारीक केले.
चांगली आहे, म्हणाला. मीठ जरा जास्त.

आणि शंभराची नोट काढली.
चाळीसचं पाकीट.
आमच्याकडं सुटे नव्हते.