विकतची धूळ

लॉस एंजेलिस. सकाळचे सहा.
ओफेलिया जिन्याचा पितळी कठडा पुसते,
लोखंडी वेलबुट्टीत बोट घालून घालून,
पाचव्या मजल्यापर्यंत.
आठला माणसं येतात, पोती घेऊन.
पोत्यांत धूळ. विकतची.
त्यांना सन दोन हजार नव्वद हवंय,
ओसाड.
पीठ चाळावं तशी चाळतात तिच्या कठड्यावर.

तिसऱ्या मजल्यावरचे नोटरी हागोपियन
"शांतता!" ऐकली की
शिक्का हवेतच धरून बसतात.
जिन्यात पुन्हा कुणीतरी मरतं,
उठतं, कॉफी मागतं.

लिफ्टवाला डेझमंड मार्चमध्ये खरंच गेला,
स्टुलावर बसल्या बसल्या.
कुणी कट म्हणालं नाही.
लिफ्ट तेवढी दोन मजल्यांच्या मध्ये
उभी राहिली.

रात्री ओफेलिया सगळा भविष्यकाळ पुसून
बादलीत पिळते.
स्टुलाला फडकं लावत नाही.
तिथली धूळ
घरचीच आहे.