ओली पावलं

मार्च उतरणीला. नगरपालिकेच्या शाळेचा व्हरांडा,
शहाबादी फरशी, कडेला पाण्याचं घमेलं.
"पाय बुडव. सरळ चाल. पळायचं नाही."
डॉक्टरीणबाई उकिडव्या बसून
आमची पावलं वाचायच्या.

नागपूरचं ऊन ते. टाच लिहून होईस्तोवर
बोटं सुकून जायची.
भाऊराव निकोसेला सात वेळा चालवलं,
त्याचा तळवा पुरा उमटायचा, भाकरीसारखा.
आम्ही हसलो. बाई नाही हसल्या.

माझ्या पाळीला फरशीवर
उजवं पाऊल, मग ओढलेली रेघ,
उजवं पाऊल, मग रेघ.
"कधीपासून?"
मला काय माहीत. आई म्हणे, ताप आला होता,
तापासंगं पाय गेला,
जसा काही तो सोबत धरून बाजारालाच गेला.

कार्डावर लिहिलं : निनावे धनराज लहानू, वय नऊ,
डावा पाय दीड इंच आखूड.

गोळीबार चौकापलीकडं आमचं घर.
बाप मागावर, कमरेपर्यंत खड्ड्यात.
"पोट्ट्याच्या पायाले लोखंड? काहून, बैल हाय का तो?"
बाई खड्ड्याच्या काठाशी बसल्या, लुगडं सावरून.
"पावडी कोणत्या पायानं दाबता?"
धोटा थांबला. बाप खाली
आपल्याच पायांकडं बघत राहिला.
"दोनीनं," म्हणाला.

दवाखान्याच्या मागं पत्र्याची शेड.
बूट शिवणारा उकंडू, स्वतः अनवाणी,
माझं पाऊल मांडीवर घेऊन
कागदावर पेन्सिल फिरवायचा.
गुदगुल्या झाल्या.
बोटं हलली नाहीत.

सळईला खाली चार भोकं जास्तीची.
"हे कायले?"
"तू वाढशीन ना बावा."
असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं.

शाळेत आधी माझा आवाज पोचायचा, मग मी.
खट्. खट्. गुरुजी हजेरी थांबवून
म्हणायचे, लिहा, निनावे आला.
दुसरं भोक, तिसरं.
चौथ्याला पोचलो तेव्हा बाईंची बदली झालेली,
कुणी म्हणे अमरावती, कुणी म्हणे जबलपूर.
नव्या डॉक्टरांनी फरशी ओली केली नाही.
रांगेत उभं केलं, जीभ बघितली, पुढं.

आता मोरीतून निघालो की
उन्हाळ्यात अंगणात मागं वळून बघतो :
उजवं पाऊल, रेघ.
उजवं पाऊल, रेघ.
सुकायच्या आत
मीच वाचून घेतो.