टाकी

जानेवारी सरत आली तरी कूलर कोणी विचारत नाही.
मानेवाड्यात आमच्या गच्चीवर नऊ सांगाडे उभे,
खसच्या ताट्या उसवलेल्या, मोटारी गोणपाटात,
आणि एक पत्र्याची टाकी, चार फुटी.
तिच्यात मी पापडीला चालायला शिकवून राहिलो.

पापडी म्हणजे कुत्री. पांढरी, अंगावर तांबूस फोड,
निखाऱ्यावर भाजल्यासारखे.
डिसेंबरात समोरच्या लॉनवर वरातीची माळ फुटली
आणि ती कठड्यावरून थेट पानठेल्याच्या टपावर.
पुढचे दोन पाय उठले.
मागचे दोघे ऐकेनात.

सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात
धोमणे डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाकडे धरला.
चकती सरकली, म्हणाल्या.
ऑपरेशनचा आकडा त्यांनी कागदावर लिहिला,
तोंडानं बोलल्या नाहीत.
मी कमरेचा पट्टा सैल करून बसलेलो.
चौदा वर्षं लोकांच्या जिन्यांनी कूलर चढवले,
माझी पण तीच भानगड.
'तुम्ही काय करता?'
'झोपतो. शेकतो. शिव्या देतो.'
'मग हिला पहिले दोन करा.
गोळ्या मी देते. बाकीचं सोबतीला,
गोळ्यांच्या ऐवजी नाही.'

सहा आठवडे ती कूलरच्या रिकाम्या पेटीत,
तीन बाजूंनी जाळी, खाली माझी जुनी गादी.
बाहेर काढायची तर पोटाखाली टॉवेल घालून.
तिला स्वतःहून लघवी होईना.
पोट किती दाबायचं ते हातांना हळूहळू कळलं.
रोज चारदा. पहाटेचं एक धरून.

उईके मॅडम गुरुवारी स्कूटरवर येत.
मणक्याच्या कडेनं अकरा सुया.
दमाहेचा पोरगा जाळीला नाक लावून:
'काका, हिच्यात करंट सोडून राहिले का?'
मीही हसणारच होतो.
पण पापडीनं डोळे मिटले,
खालचा ओठ सुटला, आणि ती घोरली,
पडल्यापासून पहिल्यांदा.

मालिशला सुलोचनाबाई निखारे.
गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली.
'कुत्रीले हात लावत नाही मी,' पहिल्या दिवशी.
दुसऱ्या दिवशी जवसाचं तेल कोमट करून हजर.
अंगठ्यानं एकेक बोट उलगडत म्हणाल्या,
'पोराले पाय असते हे त्याले मालूम नसते.
सांगा लागते.
हिले आता विसर पडला. पुन्हा सांगा.'

म्हणून ही टाकी.
डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावरच.
गिझरच्या सात बादल्या, छातीपर्यंत पाणी,
आणि मी पण आत, हाफपँटीत,
तिच्या पोटाखाली दोन्ही तळवे.
बायको जिन्यातून ओरडते,
'दोघांतलं आजारी कोण हाय, तेवढं सांगा.'
खरं सांगायचं तर त्या पाण्यात
माझं दुखणं अर्ध्या तासाची रजा घेतं.
मी पापडीला सांगतो: हा तुझा उजवा. हा डावा.
ती उन्हाकडे पाहते.

फेब्रुवारीत एका मंगळवारी
उजव्यानं पाणी मागे लोटलं.
पाणीच हललं असेल.
मी तीन दिवस कोणाला बोललो नाही.
शुक्रवारी तिनं पुन्हा लोटलं,
माझ्या गुडघ्यावर नखाचा ओरखडा आला.
तो मी बायकोला दाखवला.
धोमणेबाईंना दाखवला.
पानठेलेवाल्याला, ज्याचा टप अजून चेपलेला आहे,
त्यालाही.

आता मार्च लागला. ऊन तापून राहिलं,
फोन वाजून राहिला.
हिंगण्याचा एक माणूस टाकी पाहून गेला,
साडेआठशे देतो म्हणे.
'गळते,' मी बोललो.
थेंबभर गळत नाही.

रात्री ती पेटीतून स्वतः निघते.
फरशीवर टक, टक, टक,
मग डाव्या पायाचं घसटणं.
एवढंच राहील कदाचित, बाई म्हणाल्या होत्या.
मी अंधारात पट्टा आवळतो, कूस बदलतो.
टक, टक, टक.
चौथ्या आवाजाची वाट पाहत नाही,
असं बायकोला सांगतो.